नीटचं गणित एमकॅटला लावू नकोस

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

नववीपर्यंत महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकले. मग बाबांच्या नोकरीमुळे आम्ही सगळे अमेरिकेत आलो, ग्रीन कार्डही झालं. आता एका स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला डॉक्टर व्हायचंय. नुकत्याच सुरू झालेल्या स्प्रिंग सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री २ आणि फिजिक्स २ (दोन्ही लॅबसकट), बायोकेमिस्ट्री, सोशिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स असे १७ क्रेडिट घेतलेत. शनिवारी चार तास हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाते. एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, एप्रिलअखेरीस आहे. गेल्या सेमिस्टरला रोज तीन तास एमकॅटचा अभ्यास केला, तर ऑरगॅनिक १ मध्ये बी-मायनस आला, आणखी दोन विषय घसरले आणि जीपीए (सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी) ३.७४ वर आला. डिसेंबरमधल्या सराव परीक्षेत ४९४ मिळाले. आई-बाबा म्हणतात, 'कॉलेजात पास झालीस की पुरे, सगळा जोर एंट्रन्सवर दे.' माझ्या मावसभावाने सांगलीत एक वर्ष ड्रॉप घेऊन, रोज बारा तास बसून नीट काढली, त्याचं उदाहरण घरात रोज निघतं. कॉलेजच्या सल्लागार बाई म्हणतात, परीक्षा पुढे ढकल. पण ढकलली तर वर्ष वाया जाईल. ताई, कॉलेजला किती तास आणि एमकॅटला किती तास, असं टाइमटेबल आखून द्याल का?

---

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की त्यात दोन देशांच्या दोन परीक्षा एकमेकींत मिसळल्यात, आणि तुझ्या घरात कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही. टाइमटेबलकडे नंतर वळू. आधी हा गुंता सोडवायला हवा.

तुझ्या मावसभावाने केलं ते त्याच्या परीक्षेसाठी अगदी बरोबर होतं. नीटला तीन तासांत १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटात ५० टक्के पडले की मुलगा पात्र ठरतो. त्यापुढे बारावीला ५५ टक्के होते की ९५, याचा एमबीबीएसच्या यादीवर परिणाम होत नाही. यादी नीटच्या क्रमांकाने लागते. तिथे 'कॉलेजात पास झालं की पुरे' हे शहाणपणाचं वाक्य आहे. तुझे आई-बाबा अनुभवातूनच बोलतायत, फक्त तो अनुभव दुसऱ्या गावचा आहे.

इथे मेडिकल स्कूल तुझा अर्ज उघडतं तेव्हा दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात: एमकॅट आणि जीपीए. अलीकडच्या वर्षांत एमडीच्या (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांची एमकॅटची सरासरी ५११-५१२ च्या आसपास आहे आणि जीपीएची ३.७७-३.७९. वर्षाला ५० हजारांहून जास्त लोक अर्ज करतात आणि साधारण २३ हजारांना जागा मिळते. या गर्दीत एका आकड्यासाठी दुसरा गहाण टाकून चालत नाही. शिवाय जीपीएमधून विज्ञान-गणिताचा जीपीए वेगळा काढून दाखवला जातो. तुझ्या या सेमिस्टरमधला सोशिऑलॉजी सोडून एकूण एक विषय त्यात मोजला जाईल.

आता थोडं गणित करू, कारण घरी दाखवायला हेच उपयोगी पडेल. समज, तुझे आजवर ७५ क्रेडिट झालेत आणि जीपीए ३.७४ आहे. या सेमिस्टरच्या १७ क्रेडिटमध्ये सरासरी बी पडला, म्हणजे ३.०. नवा जीपीए ३.६०. पदवीला १२० क्रेडिट लागतात असं धरलं तर उरले २८. त्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस क्रेडिटमध्ये निखळ ए मिळवलेस तरी शेवटी ३.७० होतो. आज जिथे आहेस त्या ३.७४ वरसुद्धा परत पोहोचता येत नाही, कारण त्यासाठी प्रत्येक विषयात ४.१९ लागतील आणि ए ची किंमत चारच असते. याउलट हीच सेमिस्टर सरासरी ए-मायनसवर निभावलीस तर जीपीए ३.७३ वर टिकतो. एका सेमिस्टरचा हा फरक आहे. विषय पुन्हा घेऊन जुनी ग्रेड पुसता येईल असंही समजू नकोस. तुझं कॉलेज पुसेलही, पण मेडिकलच्या सामाईक अर्जात दोन्ही वेळच्या ग्रेड मोजल्या जातात.

एमकॅटचं तसं नाही. वर्षात जानेवारीत आणि मग मार्च ते सप्टेंबर, अशा पुष्कळ तारखा असतात. तारीख बदलायची सोय असते. जितक्या उशिरा बदलशील तितके पैसे जास्त, आणि शेवटच्या दहा दिवसांत मात्र बदलता येत नाही. म्हणजे तुझ्या पुढ्यातल्या दोन गोष्टींपैकी एक हलणारी आहे आणि दुसरी दगडात कोरलेली. गेल्या सेमिस्टरला तू हलणारीसाठी कोरलेलीला धक्का लावलास. आणि पत्राचा सूर पाहता याही वेळी तेच होईल, फक्त व्यवस्थित आखून.

परीक्षा आत्ताच देऊन टाकू, कमी पडले तर पुन्हा देऊ, असाही विचार मनात येत असेल. एमकॅट एका वर्षात तीन वेळा, सलग दोन वर्षांत चार वेळा आणि आयुष्यात सात वेळा देता येते. पण कॉलेजांना सगळे स्कोअर दिसतात, फक्त चांगला तेवढा पाठवायची सोय नाही. परीक्षा संपल्यावर 'माझे गुण मोजू नका' असं सांगता येतं. मग स्कोअर निघत नाही, पण ती एक खेप मात्र मोजलीच जाते. सराव म्हणून खरी परीक्षा द्यायची तुझ्या मावसभावाकडची पद्धत इकडे महागात पडते.

आता त्या ४९४ बद्दल. हा आकडा तू जखमेसारखा लिहिलायस. स्केल ४७२ पासून ५२८ पर्यंत आहे, मध्य ५००. डिसेंबरमध्ये तुझी बायोकेमिस्ट्री झाली नव्हती, फिजिक्स अर्धं व्हायचं होतं, ऑरगॅनिकही अर्धंच. एमकॅटच्या दोन विज्ञान विभागांत प्रत्येकी साधारण पाव भाग बायोकेमिस्ट्री असते. केमिस्ट्री-फिजिक्सच्या विभागात आणखी पाव भाग फिजिक्स आणि १५ टक्के ऑरगॅनिक. जे अजून शिकलीच नाहीस त्याची परीक्षा दिलीस आणि तरी मध्याच्या सहाच गुण खाली राहिलीस. मला हा आकडा बरा वाटला. '५१५ तरी हवेतच' असं तू पत्रात कुठे म्हटलेलं नाहीस, पण समारंभात भेटलेल्या कुणा काकांनी तुला तसं काही सांगितलं असावं असा माझा अंदाज.

या आकडेवारीतच तुझ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. 'कॉलेजला किती तास, एमकॅटला किती तास' असं विचारतेस तेव्हा तू धरून चालतेस की हे दोन वेगळे ढीग आहेत आणि एकातून काढून दुसऱ्यात टाकायचंय. तसं नाहीये. या सेमिस्टरचा तुझा अभ्यासक्रम हाच एमकॅटचा अभ्यासक्रम आहे. फक्त तो कसा वाचतेस ते बदलायला हवं.

मी इकडच्या एका कॉलेजात बरीच वर्षं ऑरगॅनिकची लॅब घेतली. दर स्प्रिंगला एक दृश्य ठरलेलं. एक मुलगा बेंचखाली एमकॅटची फ्लॅशकार्डं चाळत बसायचा आणि समोर सेपरेटरी फनेलमध्ये दोन थर तसेच उभे. मी विचारायचे, 'यातला तुझा पदार्थ कुठल्या थरात आहे?' तो गोंधळायचा. ईथर वर तरंगतो, डायक्लोरोमिथेन खाली बसतं, आम्ल पदार्थाला बेस दिला की तो क्षार होऊन पाण्याच्या थरात उतरतो. बिचाऱ्याच्या हातातल्या कार्डावर नेमकं हेच लिहिलेलं असायचं. एक्स्ट्रॅक्शन, डिस्टिलेशन, क्रोमॅटोग्राफी, आयआर स्पेक्ट्रममधली १७०० च्या जवळची कार्बोनिलची टोकदार रेघ, हे सगळं एमकॅटमध्ये विचारतात. तुझी दर आठवड्याची लॅब म्हणजे फुकटचा क्लास आहे. तिथे झोपेत जाऊ नकोस.

बायोकेमिस्ट्रीचंही तसंच. वीस अमिनो आम्लं पहिल्या दोन आठवड्यांतच पाठ कर: नाव, तीन अक्षरी खूण, एक अक्षरी खूण, सामू ७ ला कुणावर कोणता भार. तुझे प्राध्यापक हे विचारतील आणि एमकॅटही विचारेल. एन्झाइमचे आलेख आले की नुसतं 'कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटरने केएम वाढतो, व्हीमॅक्स तोच राहतो' असं घोकू नकोस. आलेखावर बोट ठेवून ते दिसतंय का बघ, कारण एमकॅटमध्ये व्याख्या क्वचितच विचारतात. एखाद्या प्रयोगाचा उतारा आणि आलेख देतात आणि त्यावर प्रश्न येतात. विज्ञानाच्या प्रत्येक विभागात ५९ पैकी ४४ प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. म्हणून आठवड्याला एक काम कर. वर्गात जो धडा झाला, त्याच धड्यावरचे एमकॅटच्या धर्तीचे दोन उतारे सोडव. नवा विषय काढायचा नाही, पुढे पळायचं नाही. मिडटर्मची तयारी आणि एमकॅटची तयारी त्या दोन तासांत एकच होते.

फिजिक्ससाठी एकच पण मोठी सूचना आहे. एमकॅटला कॅल्क्युलेटर मिळत नाही. तेव्हा होमवर्कमधलं प्रत्येक गणित आधी अंदाजाने कर, ९.८ ला १० धर, अपूर्णांक गोल कर, उत्तर कोणत्या घातांकाच्या आसपास येतंय ते कागदावर लिही, आणि मग कॅल्क्युलेटर उचल. महिनाभर कंटाळा येईल. सर्किट आणि भिंगांची गणितं या सवयीने जेवढी पक्की होतात तेवढी दहा पुस्तकांनी होत नाहीत.

स्टॅटिस्टिक्स मात्र या सेमिस्टरला सोडून दे. एमकॅटला तक्ते-आलेख वाचण्यापुरतं संख्याशास्त्र लागतं, तेवढं लॅबमध्ये होतं. काही मेडिकल स्कूलांना हा विषय हवा असतो, पण तो पुढच्या फॉलला घेता येईल. सोडल्यावर तुझे १४ क्रेडिट राहतात, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून लागणाऱ्या बाराच्या वरच. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या मुदतीत सोडलास तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) खूणही उरत नाही. ही मुदत बहुतेक कॉलेजांत पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते. तेव्हा आज संध्याकाळी सगळ्यात आधी तुमच्या शैक्षणिक कॅलेंडरमधली ती तारीख बघ. ती निघून गेली असेल तर नंतर सोडल्यावर डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला' असा शेरा, लागतो. एखादा डब्ल्यू सी पेक्षा केव्हाही परवडतो. चार-पाच असतील तर मुलाखतीत खुलासे देत बसावं लागतं.

आता एका विभागाबद्दल, ज्याचा तू पत्रात उल्लेखही केलेला नाहीस, आणि न करण्यातच मला तुझी भीती दिसली. कार्स, म्हणजे इंग्रजी उतारे वाचून उत्तरं द्यायचा विभाग. नव्वद मिनिटांत नऊ उतारे, ५३ प्रश्न, विषय तत्त्वज्ञानापासून कलेच्या इतिहासापर्यंत काहीही. एका उताऱ्याला दहा मिनिटं. नववीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला वाटतं की आपलं इंग्रजी कमी पडणार. शब्दांमुळे थोडं पडेलही. पण खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. आपल्याकडे कवितेचं रसग्रहण लिहिताना 'मला काय वाटलं' याला गुण मिळायचे. इथे तुला काय वाटतं याला शून्य किंमत आहे. लेखक काय म्हणतोय, कुठे ठाम आहे, कुठे 'कदाचित' म्हणत माघार घेतोय आणि कोणाशी भांडतोय, एवढंच पकडायचं. ही सवय सहा आठवड्यांत लागत नाही, महिने लागतात. म्हणून सेमिस्टर चालू असताना रोज करण्यासारखी एकच गोष्ट मी सांगेन: एक उतारा, घड्याळ लावून, आणि चुकलेल्या प्रश्नापाशी दहा मिनिटं. परीक्षा घेणारी संस्था, एएएमसी, जे अधिकृत उतारे देते तेच शेवटी प्रमाण मान, पण ते उन्हाळ्यासाठी राखून ठेव. तोवर दुसरं काहीही चालेल. मराठीतले चांगले वैचारिक लेख या नजरेने वाचलेस तरी डोक्याला तेच वळण लागतं, असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून दे.

मानसशास्त्र-समाजशास्त्राच्या विभागात समाजशास्त्र ३० टक्के असतं, ते तुझ्या सोशिऑलॉजीत होईल. मानसशास्त्राच्या संज्ञा उन्हाळ्यात पाठ करायच्या. त्यावर आत्ता वेळ घालवू नकोस.

आता तारीख. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिल सोड. जूनअखेरची तारीख घे. हिशोब बघ. बहुतेक सल्लागार एमकॅटसाठी ३०० तासांच्या आसपास अभ्यास सांगतात. मेच्या मध्यापर्यंत मिडटर्म-फायनलचे आठवडे वगळून तुझ्या हातात साधारण बारा आठवडे आहेत. आठवड्याला सहा तास धरले, म्हणजे रोजचा कार्सचा उतारा आणि धड्याचे ते दोन तास, तर ७२ तास होतात. सेमिस्टर संपल्यावर सहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज सहा तास: २१६. बेरीज २८८. बारा तास बसायची गरज कुठेच पडत नाही, आणि मिडटर्मच्या आठवड्यात एमकॅटचं पुस्तक पूर्ण मिटून ठेवता येतं. त्या आठवड्यात अपराधी वाटून घेऊ नकोस, ते आखणीतच धरलंय.

उन्हाळ्यातले शनिवार पूर्ण लांबीच्या सराव परीक्षेसाठी ठेव, म्हणजे हॉस्पिटलचं काम त्या दीड महिन्यापुरतं रविवारी किंवा संध्याकाळी हलवून घे. परीक्षेची नुसती प्रश्न सोडवण्याची वेळ सव्वासहा तास आहे, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात. सकाळी आठला बसायची सवय अंगाला लावावी लागते. सराव परीक्षेपेक्षाही दुसऱ्या दिवशीचं परीक्षण महत्त्वाचं. एक चुकांची वही कर, तिच्यात तीनच रकाने: माहीत नव्हतं, प्रश्न चुकीचा वाचला, माहीत होतं पण घाईत गेलं. दोन आठवड्यांत तुला कळेल की तुझे निम्मे गुण कुठे सांडतात. पहिला रकाना भरला तर पुस्तक उघड. दुसरा किंवा तिसरा भरला असेल तर पुस्तक उघडून काही उपयोग नाही, वेग कमी कर.

जूनअखेर परीक्षा दिलीस तर साधारण महिन्याने, जुलैअखेर स्कोअर येईल. 'मग उशीर होतो ना?' थोडा होतो, पण तू समजतेस तेवढा नाही. सामाईक अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेरीपासून भरून पाठवता येतो. पाठवल्यावर तुझ्या ट्रान्सक्रिप्टची पडताळणी होते, गर्दीच्या दिवसांत तिलाच काही आठवडे लागतात. एमकॅटचा स्कोअर नसला तरी पडताळणी अडत नाही. म्हणून बरेच जण जूनच्या सुरुवातीला एकाच कॉलेजचं नाव घालून अर्ज पाठवतात, पडताळणी करून घेतात आणि स्कोअर हातात आल्यावर बाकीची कॉलेजं जोडतात. स्कोअर मनासारखा नसेल तर जोडायचीच नाहीत. मात्र मधल्या काळात सेकंडरी अर्जांचे (सामाईक अर्जानंतर प्रत्येक कॉलेज वेगळा मागवतं ते) निबंध लिहून तयार ठेवायला हवेत, नाहीतर ऑगस्ट त्यातच जाईल.

आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या तीन सराव परीक्षांची सरासरी तुझ्या ध्येयापासून दोन-तीन गुणांत नसेल, तर तारीख पुन्हा हलव आणि अर्ज पुढच्या वर्षी कर. हा नियम आत्ता, डोकं थंड असताना कागदावर लिहून ठेव. जूनमध्ये ठरवायला बसलीस तर आशाच ठरवेल. ध्येय किती ठेवायचं, तर ज्या कॉलेजांना अर्ज करणार त्यांच्या प्रवेशितांचा मधला स्कोअर बघून. समारंभातले काका बघून नाही.

आता 'वर्ष वाया जाईल'. हा शब्दप्रयोगसुद्धा सांगलीहून आलाय. तिथे अठराव्या वर्षी एमबीबीएसला लागतात, त्यामुळे ड्रॉप म्हणजे बरोबरची मुलं पुढे जाणं, आणि त्या वर्षात घरात बसून त्याच परीक्षेचा अभ्यास करण्याखेरीज काही करायचं नसतं. इथे मेडिकलला लागणाऱ्यांचं सरासरी वय २४ च्या आसपास आहे. निम्म्याहून जास्त जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून आलेले असतात. त्या वर्षात कोणी डॉक्टरच्या हाताखाली नोंदी लिहिणारा स्क्राइब होतो, कोणी मेडिकल असिस्टंट, कोणी अॅम्ब्युलन्सवर, कोणी संशोधनाच्या लॅबमध्ये पगारावर. पगार बेताचा असतो, पण मुलाखतीत सांगण्यासारखं जे घडतं ते बहुतेकदा याच वर्षात. शिवाय चौथ्या वर्षाच्या ग्रेडही अर्जात येतात, तुझ्यासारख्या एका वाईट सेमिस्टरवाल्याला त्याचा फायदाच आहे. मी हे वर्ष घेच असं म्हणत नाही. त्याच्या भीतीने एप्रिलमध्ये अर्धवट तयारीने परीक्षेला बसू नकोस, एवढंच.

एक गोष्ट तू हिशोबात धरलेलीच नाहीस. मेडिकलच्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि त्यातली निदान दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांची असावी अशी बऱ्याच कॉलेजांची अपेक्षा असते. या सेमिस्टरचे बायोकेमिस्ट्रीचे किंवा ऑरगॅनिकचे प्राध्यापकच ते लिहू शकतात. मलाही अशी पत्रं मागायला मुलं यायची. ऑफिसच्या वेळेत येऊन 'हे इलेक्ट्रॉन इकडे का सरकले' असं विचारणाऱ्या बी-प्लसवाल्या मुलीचं पत्र मी आनंदाने लिहिलं. वर्षभर शेवटच्या रांगेत दुसऱ्याच पुस्तकात तोंड घातलेल्या ए वाल्याबद्दल काय लिहायचं हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं जात जा, खरा प्रश्न घेऊन.

हे वाचणाऱ्यांत काही मुलं अजून पालकांच्या व्हिसावर असतील, त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. तुमची पहिली अडचण एमकॅट नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतली फारशी मेडिकल स्कूलं घेत नाहीत, आणि आई-वडिलांच्या व्हिसावरचा हक्क २१ व्या वर्षी संपतो. कुठली कॉलेजं घेतात ही यादी पहिल्या-दुसऱ्या वर्षातच काढून ठेवा. शिक्षणकर्जाचा प्रश्नही तेव्हाच विचारात घ्या. तिसऱ्या वर्षी हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

राहिले आई-बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, 'इथलं वेगळं असतं' असं मोघमही म्हणू नकोस. ते वाक्य स्थलांतरित घरात फार वापरून गुळगुळीत झालेलं असतं आणि आई-बाबांना त्यात 'तुम्हाला काही कळत नाही' एवढंच ऐकू येतं. रविवारी निवांत वेळ काढून वर केलेलं ३.७४ चं गणित त्यांच्यासमोर मांड. बाबांनाच बेरीज करायला सांग. आपल्या घरांत आकडे दुसऱ्याने सांगितले तर पटत नाहीत, स्वतः मांडले की पटतात. मग सल्लागार बाईंसोबत अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठरव आणि त्यात दोघांनाही घे. कायद्यामुळे तुझ्या लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा तुझी माहिती त्यांना देत नाही, तेव्हा संमतीचं काय करावं लागतं ते बाईंना आधीच विचारून घे.

मावसभावालाही एकदा फोन कर. त्याचं उदाहरण तुझ्यावर रोज आदळतंय, पण त्या ड्रॉपच्या वर्षाबद्दल तू त्याला स्वतः कधी विचारलंयस असं पत्रावरून वाटत नाही. बारा तासांपैकी खरा अभ्यास किती व्हायचा, हे तो तुला बहुधा हसत हसत सांगेल.

तर आज संध्याकाळी विषय सोडायची मुदत, उद्या सल्लागार बाईंची वेळ, आणि आठवडा संपायच्या आत एमकॅटची नवी तारीख. जूनच्या जवळच्या केंद्रातल्या जागा लवकर भरतात, तेव्हा आधी नवी जागा मिळतेय का ते बघ आणि मगच एप्रिलची सोड. आणि मे महिन्यात ऑरगॅनिक २ ला काय ग्रेड आली ते मला कळव.